पाणी कुठे जातं, ते आधी पाहा

प्रश्न : आमचं घर कौलारू आहे. मागच्या बाजूला ऊन फारसं येत नाही, त्यामुळे कौलांवर शेवाळाचे गादीसारखे पुंजके आलेत आणि भिंतीवर वळचणीपासून खालपर्यंत काळे-हिरवे ओघळ. याच भिंतीलगत माझी बारा-पंधरा वर्षांची बाग आहे : गुलाब, जास्वंद, नेचे, एक वेल. गेल्या महिन्यात माणसं बोलावून भिंत धुवायला घेतली. त्यांनी ब्लीच फवारलं. पानांवर उडू नये याची काळजीही घेतली. त्या दिवशी झाडं चांगली होती, पण आठवड्याभरानं जास्वंदीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, त्या बाजूचे नेचे तर गेलेच. अर्धी भिंत झाल्यावर मी काम थांबवलं. आता मुलगा म्हणतो, प्रेशर वॉशर आणू, म्हणजे औषधाची भानगडच नको. शेजारच्या काकू म्हणतात, व्हिनेगर आणि मीठ मार, नैसर्गिक आहे. घर स्वच्छ हवं, पण झाडं मारून नको. आणि ती जास्वंद उपटून टाकू का?
— अर्धी भिंत धुतलेली वाचक

उत्तर : ताई, थांबलात ते फार बरं केलंत. अर्धी भिंत लख्ख आणि अर्धी काळी, म्हणून येणारे-जाणारे विचारत असतील, तर विचारू देत. डाग आणखी महिनाभर राहिला म्हणून भिंतीचं काही बिघडत नाही.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली : त्या दिवशी झाडं चांगली होती, कडा आठवड्यानं करपल्या. ब्लीचचा तुषार थेट पानावर बसला असता तर एक-दोन दिवसांतच पांढुरके ठिपके दिसले असते, रंग उडालेल्या कापडासारखे. कडेकडून आत करपत येणारं पान वेगळी हकीकत सांगतं. मुळांनी काहीतरी ओढून घेतलं, ते पाण्याबरोबर पानाच्या टोकापर्यंत गेलं आणि तिथे साठत राहिलं. हे काहीतरी म्हणजे बहुतेक मीठ. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. काम झाल्यावर त्यातला क्लोरीनचा जोर ओसरतो, सोडियम मात्र मातीतच राहतं. शिवाय बाटलीत ते टिकावं म्हणून थोडा कॉस्टिक सोडाही घातलेला असतो. माती चिकण असेल तर सोडियममुळे तिची रवाळ घडण मोडते, ती गच्च बसते आणि मुळांना हवाही मिळेनाशी होते. 'ब्लीचचं शेवटी नुसतं मीठ आणि पाणी होतं' असं धुणारी माणसं मोठ्या दिलाशानं सांगतात. अहो, मीठ होतं हीच तर अडचण आहे.

माणसांनी पानं सांभाळली, ते खरंच असेल. पण आख्ख्या भिंतीवरून ओघळलेलं पाणी पायथ्याच्या हातभर रुंद पट्टीत मुरलं, आणि नेमकी तिथेच तुमच्या झाडांची मुळं आहेत.

म्हणून पुढचं काही ठरवायच्या आधी एक करा. नुसत्या पाण्याचा पाइप वळचणीखाली भिंतीवर धरायला कोणाला तरी सांगा आणि तुम्ही खाली बघत उभ्या राहा. पाणी कोणत्या आळ्यात साचतं? पन्हळीतून आलेलं कुठे पडतं? तिथून गटाराकडे जातं, विहिरीकडे जातं की पावसाचं पाणी साठवायच्या टाकीत? अंगणात माशांचं कुंड आहे का? दहा मिनिटांचं काम आहे, पण हा नकाशा डोक्यात बसल्याशिवाय कुठलीही बाटली उघडू नका. टाकीकडे जाणारा पाइप काम सुरू करण्याआधी सोडवून ठेवा आणि छप्पर शेवटी दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन निघेपर्यंत परत जोडू नका. माशांना क्लोरीन अगदी थोडंसंही सोसत नाही, तेव्हा कुंड झाकाच.

आता डाग. 'काळे-हिरवे ओघळ' म्हणजे सगळं एकच असेल असं नाही. थोडं ब्लीच पाण्यात मिसळून कापसाच्या बोळ्यानं डागावर टेकवा. पाच-दहा मिनिटांत तेवढा ठिपका फिका पडला, तर तो जिवंत थर आहे : शैवाल, बुरशी नाहीतर सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उन्हावर जगणारे सूक्ष्म जिवाणू. काहीच फरक पडला नाही, तर धूळ, काजळी किंवा गंज. काजळीला साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. गंजावर ब्लीच मारलं तर डाग जायचा सोडून आणखी पक्का बसतो. आणि भिंतीच्या खालच्या भागात पांढरी, पिठासारखी भुकटी येत असेल तर तो लोणा. ओला केला की दिसेनासा होतो, वाळला की पुन्हा वर येतो. त्याला पाण्यानं धुणं म्हणजे आगीत तेल. तो कोरड्या ब्रशनं झाडायचा आणि ओल कुठून येते ते शोधायचं. ही बोळ्याची परीक्षा न करताच माणसं सगळ्या भिंतीला एकच औषध मारतात, हे पाहून मला खरोखर चीड येते. निम्मं ब्लीच ज्या डागावर खर्च होतं, तो ब्लीचनं जाणारा नसतोच.

चिरंजीवांना सांगा, यंत्र आणायचं तर आणा, पण ते अंगणातल्या फरशीसाठी. घरगुती प्रेशर वॉशर सहज १०० बारच्या वर दाब देतो, नळाचा पाइप फार तर तीन-चार बार. कौलं एकमेकांवर चढवलेली असतात ती वरून खाली येणारा पाऊस निथळावा म्हणून. शिडीवरून वरच्या दिशेनं मारलेला जोराचा फवारा थेट त्या जोडात शिरतो, आतल्या रिपा आणि वासे भिजतात. शिवाय भाजलेल्या कौलाचा कडक पापुद्रा खरवडला जातो, कौल जास्त पाणी पितं आणि पुढच्या वेळी शेवाळ आधीपेक्षा लवकर येतं. गिलाव्याचंही तेच. डाग जातो, त्याबरोबर रंग जातो आणि बारीक भेग मोठी होते. पुढची गोष्ट तुमच्या घराला लागू नसेल, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी उपयोगी पडेल. शेडवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. तिथे ना प्रेशर, ना कोरडा ब्रश. त्याचे तंतू श्वासातून आत गेले तर वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. अशा पत्र्याला आपण हात लावायचा नाही, त्यातलं काम जाणणाऱ्यांकडेच सोपवायचं.

काकूंचा उपाय मात्र ऐकून मी कपाळाला हात लावला. त्यांना हे कळवू नका. ज्या मिठानं तुमची जास्वंद आजारी पडली, तेच आणखी ओतायचं? व्हिनेगर तण मारायलाही वापरतात. तण कुठलं आणि गुलाब कुठला, हे त्याला कळत नाही. वर ते आम्ल, म्हणजे चुन्याचा गिलावा, सिमेंट, संगमरवर सगळं खातं. आणि ज्या भिंतीवर आधी ब्लीच बसलंय, तिथे व्हिनेगर नेऊच नये. ब्लीचमध्ये कुठलंही आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर ब्लीच मिसळून घरोघरी जे अपघात होतात, त्यामागेही हाच. अमोनिया असलेल्या क्लीनरशीही ब्लीचची गाठ घालू नका, तिथे वेगळा विषारी वायू तयार होतो.

छपरावरच्या शेवाळाला बहुतेक वेळा औषध लागतच नाही. शेवाळाला खरी मुळं नसतात, बारीक धाग्यांनी ते कौलाला धरून असतं. कडक उन्हात वाळलं की त्याचा भुगा होतो, फार ओलं असलं की चिखल. पावसानंतर एक-दोन दिवसांनी, हाताला दमट लागेल अशा वेळी, प्लॅस्टिकच्या उलथन्यासारख्या पट्टीनं एका कडेनं उचला, पुंजका गालिच्याच्या तुकड्यासारखा अख्खा सुटून येतो. त्याच्या पोटाशी कौलाची लालसर पूड आणि एखादा गोम-किडा निघेल, दचकू नका. पट्टी नेहमी वरून खाली चालवायची, उलटी चालवली तर कौल उचकटतं. निघालेलं शेवाळ पन्हळीत पडू देऊ नका, बादलीत गोळा करा. औषध न लावलेलं असल्यानं ते नेच्यांच्या बुंध्याशी घालता येतं. एवढ्यावर छपराचं तीन-चतुर्थांश काम होतं.

कौलांवर राखाडी किंवा पिवळसर चकत्या चिकटलेल्या दिसल्या तर ते दगडफूल. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार असतो आणि त्याचे धागे कौलाच्या आत घुसलेले असतात. ओढून काढलंत तर कौलाचा कपचा घेऊनच निघेल. त्यातल्या कित्येक जाती वर्षाला एखाद-दोन मिलिमीटरच वाढतात. तळहाताएवढी चकती म्हणजे तुमच्या बागेपेक्षाही वयस्कर प्रकरण. मी असते तर तिला तिथेच राहू दिलं असतं. माझ्या मते ती छपराला शोभते, पण हा आवडीचा प्रश्न आहे.

आता भिंत. पहिला डाव साध्या पाण्याचा आणि लांब दांड्याच्या मऊ ब्रशचा. हसू नका, बरेच ओघळ यातच निम्म्यावर येतात. उरलेल्यासाठी तुमच्या बागेचा विचार करता मी सोडियम परकार्बोनेट निवडेन. ही पांढरी भुकटी 'ऑक्सिजन ब्लीच' म्हणून मिळते. पाण्यात पडली की तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा तयार होतो. पेरॉक्साइडचं पुढे पाणी आणि ऑक्सिजन होतं. क्लोरीन नाही, पण सोडियम आहे आणि ते अल्कधर्मीही आहे, म्हणजे 'झाडांना अमृत' वगैरे नाही. पाकिटावर दिलेल्या मापानं कोमट पाण्यात विरघळवा आणि लगेच वापरा, काही तासांत त्याची धार जाते. उरलेलं झाकण लावून ठेवू नका, वायू साचून बाटली फुटते. भिंतीवर लावून पंधरा-वीस मिनिटं ओलं राहील असं बघा, ब्रश फिरवा, धुवा. ब्लीचइतकं झटपट आणि पांढरंशुभ्र होणार नाही. दोनदा करावं लागेल.

'झाडांना सुरक्षित' असं छापलेल्या बाटल्यांवर मात्र नुसत्या पानाच्या चित्राला भुलू नका, मागे वाचा. बेंझाल्कोनियम क्लोराइड असेल तर ते हळूहळू काम करणारं जंतुनाशक आहे, कौलांवर चालतं, पण माशांना आणि पाण्यातल्या इतर जिवांना घातक. तांब्याचे क्षार असतील तर तेही तसंच.

एवढं करूनही जिथे डाग हटला नाही, तिथे आणि तिथेच ब्लीच. बाटलीवर टक्केवारी बघा. पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग ब्लीचला चार भाग पाणी, म्हणजे एक टक्क्याचं मिश्रण होतं. भिंतीला ते पुरतं. धुणारे लोक तीन-चार टक्क्यांचं फवारतात, कारण त्यांना एकाच फेरीत उरकायचं असतं. लावताना खालून वर जायचं, नाहीतर कोरड्या भिंतीवर ओघळांचे पट्टे उमटतात. धुताना वरून खाली. दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवायचं नाही आणि वाळू तर द्यायचंच नाही. ॲल्युमिनियमच्या चौकटी, पितळी कड्या आधीच ओल्या करा, नंतर नीट धुवा.

आणि आता झाडं. काम सुरू व्हायच्या अर्धा तास आधी प्रत्येक आळं तुडुंब भरा, जिरू द्या, परत भरा. मातीच पाण्यानं तृप्त असेल तर वरून येणारं औषध पातळ होतं आणि मुळं ते अधाशासारखं ओढत नाहीत. पानंही वरून-खालून ओली करा. वारा नसलेली ढगाळ सकाळ निवडा, फुलांवर मधमाश्या यायच्या आधीची. कुंड्या सरळ उचलून दूर न्या. मग सगळ्यात महत्त्वाचं : एक माणूस फक्त पाण्याच्या पाइपावर. त्यानं भिंतीकडे बघायचंच नाही, फवारा चालू असताना खालची झाडं आणि माती सतत ओली ठेवत राहायचं. हा माणूस तुम्ही स्वतः व्हा. भिंत धुणाऱ्याचं लक्ष भिंतीवर असतं, त्यात त्याचा दोष नाही. भिंतीलगत कुदळीनं वीतभर खोलीचा चर काढा आणि तो झाडांपासून लांब, जिथे काही लावलेलं नाही अशा जागी उतरवा. साचलेलं पाणी तिकडे जाईल. काम संपल्यावर पुन्हा पाणी, वाटतं त्याच्या दुप्पट. मत्स्यालयवाले नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवायला सोडियम थायोसल्फेट वापरतात. काहीजण तेच झाडांवर फवारतात. त्यानं क्लोरीन मरतो हे खरं, मीठ मात्र हटत नाही. त्याला पाण्याशिवाय उतारा नाही.

झाडं झाकायची तर ओलं गोणपाट किंवा जुनी चादर. प्लॅस्टिक नको. हे मी अनुभवानं सांगते. पहिल्यांदा घर धुऊन घेतलं तेव्हा मोठ्या हौसेनं नेच्यांवर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून, कडेला विटा ठेवून मी आत गेले. ऊन निघालं. दोन तासांनी उचकटलं तर आत वाफ कोंडलेली, हाताला चटका बसेल अशी, आणि नेचे पालेभाजी उकडावी तसे काळपट होऊन निजलेले. औषधाचा एक थेंबही त्यांना लागला नव्हता.

शिडीबद्दल दोन शब्द, कारण छपराच्या कामात माणसं औषधानं नाही, पडून मरतात. शिडी चार हात उंच टेकली तर तिचा पाय भिंतीपासून एक हात पुढे, आणि वरचं टोक वळचणीच्या मीटरभर वर. खाली धरायला माणूस हवाच. विजेची तार जवळ असेल तर ॲल्युमिनियमची शिडी आणूच नका. ओल्या शेवाळावर आणि कौलांवर पाय द्यायचा नाही. शिडीवरून हात पोचतो तेवढंच आपण करायचं, पलीकडचं सवयीच्या माणसाला द्या. डोळ्यांना संरक्षक चष्मा, हातात रबरी मोजे. डोळ्यात थेंब उडालाच तर पंधरा-वीस मिनिटं सलग वाहतं पाणी, मगच डॉक्टर.

माणसं पुन्हा बोलावलीत तर दोनच गोष्टी विचारा : किती टक्क्यांचं मारणार, आणि पाण्याच्या पाइपावर कोण राहणार. दुसऱ्या प्रश्नावर 'त्याची गरज नसते हो' असं उत्तर आलं की नमस्कार करून फाटक लावा.

एक नजर ओघळांच्या उगमाकडेही टाका. ओघळ जिथून सुरू होतो त्याच्या बरोबर वर पन्हळीचा जोड गळत असेल किंवा पाल्यानं पन्हळ तुंबून पागोळ्या भिंतीवर उतरत असतील. ते दुरुस्त झालं नाही तर दर वर्षी हेच पत्र लिहावं लागेल. छपरावर आलेली फांदी छाटा, हवा खेळली की शेवाळाचा जोर कमी होतो. छपराच्या माथ्यावरच्या कोण्यांखाली जस्ताची पट्टी बसवतात, पावसाबरोबर जस्ताचा अंश उतरतो आणि शेवाळ फारसं येत नाही. उपाय चालतो, पण ते पाणी तुमच्याच आळ्यांत येणार, म्हणून तुम्हाला मी तो सुचवणार नाही.

राहिली जास्वंद. उपटू नका. एका फांदीची साल नखानं थोडी खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर लागलं तर ती जिवंत आहे. टोकाकडून सुरुवात करून खाली खाली येत पाहा, जिथे हिरवं लागेल तिथपर्यंत झाड शाबूत. आळं भरून पाणी द्या, पूर्ण जिरू द्या, आणि असं चार-पाच दिवसांच्या अंतरानं तीन-चार वेळा करा, म्हणजे मीठ मुळांच्या खाली उतरेल. पाणी साचून राहत असेल तर माती चिकण आहे, त्यात मूठ-दोन मूठ जिप्सम मिसळा, ते सोडियमला जागा सोडायला लावतं. खत अजिबात घालू नका, खत म्हणजे पुन्हा क्षारच. करपलेली पानं आपोआप गळतील, ती ओढू नका. फांद्याही नवी पालवी फुटेपर्यंत छाटू नका, कुठली मेली आणि कुठली झोपली आहे ते तेव्हाच कळेल. नेच्यांचे गड्डेही इतक्यात फेकू नका. वरचं वाळलेलं कापा, जमिनीतला गड्डा बोटानं दाबून पाहा. टणक लागला तर सावलीत कुंडीत नव्या मातीत लावा आणि सहा-आठ आठवडे वाट बघा.